पहिली चिठ्ठी

बैठक कादरीच्या हॉटेलात, बंद पंख्याखालच्या टेबलावर.
विषय एकच: नांदेडवाले जगजीवनसिंग द्यायला तयार आहेत,
बदल्यात यंदाची आपली पहिली चिठ्ठी
आणि पुढच्या सालची तिसरी.

चिठ्ठी म्हणजे काय, तेही सांगतो.
शाळांच्या स्पर्धा संपल्या की
सोळा वर्षांच्या पोरांची यादी लागते भिंतीवर,
आणि तळाला राहिलेल्या क्लबाला
आधी बोट ठेवू देतात.
आम्ही तळाला आहोत.
हरण्याची एवढीच कमाई.

जगजीवनसिंग छत्तीसचा.
सिकंदराबादला रेल्वेकडून अकरा मोसम,
डाव्या गुडघ्याला पट्टा, दाढीत चुना सांडल्यागत पांढरं.
पण चेंडू त्याच्या पायाशी आला
की बाकीचे दहा आपोआप आपापल्या जागी,
वर्गात मास्तर शिरल्यासारखे.

केंद्रेसर म्हणाले, घ्या.
पोरं पोरं करून चार सालं झाली,
जाळीतून चेंडू काढायलाव नुसते.
आत कुणी सांगणारं पाहिजे की,
मी रेषेबाहेरून किती बोंबलू?

डुब्बेवार म्हणाले, माळेगावच्या बाजारात
आधी दात बघतेत.
जुळलेल्या बैलापायी
दावणीचं गोऱ्हं देतं का कुणी?

मग सगळे गप्प,
पण रुमालाखाली धरावीत तशी
टेबलाखाली बोटं चालू होती प्रत्येकाची:
एक गुडघा, भागिले सामने.

कादरी बशीत चहा ओतत म्हणाला,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
जर्मनीवाले क्या करते, वो तो पूछो.
कुणी हसलं नाही. पारा बेचाळीसला होता.

मी बोललो नाही.
मी क्लबचा पंप सांभाळतो, चुन्याची गाडी, जाळ्या, किल्ली.
तेवीस सालांमागं असाच सौदा आला होता,
औरंगाबादचा एक मुरलेला बचावपटू,
आणि याच टेबलावर हात वर झाले होते:
नको. चिठ्ठी ठेवू. पोरगं घडवू.
त्या चिठ्ठीवर नाव आलं
भुजंग मारोतराव कच्छवे, जिंतूर, गोलकीपर.
सतरा सामने खेळलो.
मग खांदा निखळला तो निखळलाच.
त्या सालच्या फोटोत कप नाही, मी आहे.
मला कुणी कधी काही म्हणालं नाही.
त्याचंच जास्त वाटतं.

मतं पडली तीन आणि तीन.
सगळे माझ्याकडं बघायले.
मी म्हणलं, सकाळी सांगतो.

रात्री साडेदहाला फोन. जगजीवनसिंग.
पैशाचं विचारलं नाही, राहायचं विचारलं नाही.
भुजंग, म्हणाला,
वो दक्षिणेच्या गोलपाशी काळा दगड होता ना,
अर्धा जमिनीत, है क्या अजून?
मी म्हणलं, है.
मी आलो नाही तरी काढून टाका तो, म्हणाला,
माझा गुडघा पहिल्यांदा तिथंच गेला.
बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही.
त्याच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

पहाटे पहार घेऊन गेलो.
वरून परातीएवढा दिसायचा दगड,
उकरावं तसा खाली रुंद होत गेला,
जणू मैदान त्याच्यावरच टेकलंय.
तासाभरात हाताला फोड.

जिंतूर रस्त्याकडच्या कुंपणाशी
शाळेच्या शर्टातलं एक पोरगं उभं होतं कधीचं.
नाव माहीत नाही.
यादीत असेल, नसेल.
बघायलास काय, म्हणलं, धर इकडून.
त्यानं चपला काढल्या,
जोडीनं, नीट बाजूला ठेवल्या,
आणि पहारीला हात घातला.

दगड हलला.
निघाला नाही अजून.
नऊला केंद्रेसर येतील विचारायला.